बसून नोकरी शोधण्याची सोय

म्झुझू शहरात नोकऱ्या नाहीत ही बाब सरकारच्या निदर्शनास आली, तेव्हा सरकारने तिचा सखोल अभ्यास केला. त्यातून असे निष्पन्न झाले, की नोकऱ्या नसणे ही खरी अडचण नसून नोकरी शोधताना पाय दुखणे ही खरी अडचण आहे. सबब, बाजारालगत ‘रोजगारशोध सुलभीकरण केंद्र’ उघडण्यात आले. वर छत, खाली बाकडी, कोपऱ्यात पिण्याचे पाणी. बेकारांना आता बसून नोकरी शोधता येऊ लागली.

खुंबो म्सिस्का पहिल्या दिवशीच जाऊन बसला. हिशेबाची पदविका घेतलेला हा तरुण थोरल्या बहिणीच्या, तावोंगाच्या घरी राहायचा. तिचा नवरा लुसुंगू लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. गिरणी बंद पडली आणि तोही मेहुण्याशेजारी येऊन टेकला.

“भावोजी, डुलकी काढू नका. शोध थांबला असं समजतात.”

“जागं राहून तरी काय दिसतंय रे? तुझंच तोंड ना?”

केंद्रप्रमुख न्यिरेंडासाहेब मात्र प्रसन्न होते. बाकडी भरत चालली होती आणि वर पाठवायच्या अहवालात या गर्दीला ‘वाढता प्रतिसाद’ असे म्हणता येत होते. मंत्रालयाने खूश होऊन आणखी एक दालन मंजूर केले आणि सोबत एक पदही: शोध-मार्गदर्शक. पात्रता, नोकरी शोधण्याचा प्रदीर्घ अनुभव. आणि त्यात कधीही यश आलेले नसावे.

खुंबोच्या तोडीचा उमेदवार उभ्या शहरात नव्हता. नेमणूक झाली त्या दिवशी तावोंगाने कोंबडी कापली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आता तुझ्या भावोजींचंही बघ हं. तू आत आहेस म्हणजे झालंच की!”

साहेबांनी नव्या मार्गदर्शकाला कामाची रूपरेषा समजावून दिली. “अनुदान डोकी मोजून येतं. डोकी घटली की केंद्र बंद. केंद्र बंद झालं, की तू पुन्हा बाकड्यावर.”

“पण साहेब, मग बाकडं तरी कुठं उरणार?”

“शाबास! म्हणूनच तुला निवडलं.”

पुढे एका सकाळी अघटित घडले. हारावा नावाचे एक गृहस्थ केंद्रात शिरले. भुवयांत भुसा, पायांत चिखलाचे बूट. “डोंगराकडं नवी गिरणी टाकलीय. करवतीवरचे गडी पाहिजेत. आजच्या आज.”

असा माणूस केंद्रात यापूर्वी कधी आला नव्हता. त्याच्यासाठी नियमच नव्हता. खुंबोने अदबीने विचारले, “आपण नोकरी शोधताय का?”

“शोधतोय कसला! द्यायला आलोय.”

“मग माफ करा, आपली जागा चुकली. हे केंद्र शोधण्यासाठी आहे.”

“अरे बाबा, मग हे एवढे बसलेत ते कशासाठी?”

“त्यांचा शोध चालू आहे. मध्येच व्यत्यय आणता येत नाही.”

बोलता बोलता खुंबोची नजर मागच्या बाकड्यावर गेली. भावोजी नाक वर करून कसला तरी वास घेत होते. एक हाक मारली की काम झाले असते. पण एक उठला की दुसरा उठेल, मग सगळी रांगच उठेल, आणि मग... त्याने आवाज आणखी खाली आणला. “नोकरी देणाऱ्यांसाठी वेगळं केंद्र विचाराधीन आहे. कृपया तोवर थांबावं.”

हारावांनी एक सणसणीत शिवी हासडली, बाहेर गेले आणि मिनीबसच्या थांब्यावर उभे असलेले गडी ट्रकमध्ये भरून निघून गेले.

तेवढ्यात लुसुंगू पुढे आला. “कोण होता रे? पाइनच्या भुशाचा वास आला, म्हणून उठलो.”

“रस्ता चुकला होता, भावोजी.”

“मदत केलीस ना?”

“केली.”

“बरं केलंस. आपला माणूस खुर्चीवर आहे, म्हणून तर आम्ही निर्धास्त बसलोय.” आणि तो जागेवर जाऊन बसला.

वाचकहो, खुंबोचा राग आला असल्यास तो रास्तच आहे. फक्त तो व्यक्त करण्याआधी मान वर करून, आपल्या टेबलासमोर कोण ताटकळत उभे आहे तेवढं पाहावं. कोणीच नसेल, तर अधिक काळजी घ्यावी. आपण बहुधा बाकड्यावर आहात.