मोकलांच्या घरातली पाण्याची वहिवाट

खालघर नगरपरिषदेने मोकलांच्या घरातून ये-जा करण्याचा पाण्याचा हक्क मंगळवारी दुपारी मान्य केला.

अर्ज पाण्याने स्वतः केला होता. कागद ओला होता आणि सहीच्या जागी गाळाचा ठिपका होता; कार्यालयाने तो ग्राह्य धरला. नियम जुना आहे आणि सगळ्यांना सारखा आहे. एखाद्या वाटेने कोणी सलग सात वर्षे, उघडपणे आणि लेखी हरकतीशिवाय जात राहिले, तर ती त्याची वहिवाट होते. मग घरमालकालाही ती वाट अडवता येत नाही. पाणी सलग सात पावसाळे मोकलांच्या मोरीतून वर येऊन, स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आणि तिथून पुढच्या दाराने बाहेर जात होते. ते उघडपणेच जात होते. एका वर्षी जाताना त्याने पिठाचा डबा नेला, तोही सगळ्यांच्या समोर.

मोकलांचे घर तांबडी नदीच्या अंगाला आहे. रंगाच्या कारखान्याने पन्नास वर्षांपूर्वी कामगारांसाठी आठ बैठी घरे बांधली, त्यातले हे शेवटचे आणि सगळ्यात खालचे. कारखाना बंद पडला, घरे राहिली. घरांच्या मागून चिनीमातीच्या पाइपांची एकच लाइन जाते आणि आठही घरांचे सांडपाणी तीच वाहते.

"वहिनी, ही लाइन माझ्यापेक्षा म्हातारी आहे," शफीचाचा प्लंबर मे महिन्यात मोकलांच्या कस्तुरीच्या आईला म्हणाले होते. "आत पिंपळाची मुळं गेलीत. नदी फुगली की लाइन तुंबते, आणि तुंबली की तिला ओकायला तुमचीच मोरी सापडते."

"आधी नव्हतं हो असं," आई म्हणाली.

"आधी रस्ता खाली होता. आता दर निवडणुकीला अर्धा फूट चढतो. एवढी तर पोरं पण वाढत नाहीत."

उपाय होता. पाणी बाहेर जाऊ देणारी पण आत येऊ न देणारी एक झडप असते. ती लाइनवर बसवली की झाले. शफीचाचांनी ती आणली आणि चेंबरचे झाकण उघडले. त्याच सकाळी नगरपरिषदेची नोटीस आली : पाण्याने वहिवाटीचा अर्ज केला आहे, सुनावणीपर्यंत लाइनला हात लावू नये. चाचांनी हात पुसले, नोटीस वाचली आणि झाकण परत लावले. झडप वर्तमानपत्रात गुंडाळून आईने देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली.

कस्तुरीला त्या झडपेची सगळ्यात जास्त गरज होती. ती यंदा दहावीला होती. नववीच्या तिच्या सगळ्या वह्या पाणी घेऊन गेले होते. त्यातली भूमितीची वही पुढे चौथ्या दिवशी गटाराच्या जाळीला अडकलेली सापडली, पण आकृत्या पुसल्या गेल्या होत्या. ती बोलत फार कमी असे. शाळेत हजेरीला ती इतक्या हळू "हजर" म्हणायची, की बाई तिची गैरहजेरी मांडायच्या, आणि ती समोर बसून ते बघत राहायची. तिला राग आला की तिचे अक्षर आणखी नीट येई. एवढाच फरक पडे.

बाबांना फोन लावला. ते कंटेनर घेऊन सुरतेच्या पुढे होते. "पाण्यानं अर्ज केलाय?" ते म्हणाले. "मग तुम्ही दोघी वेळेवर जा. उशीर झाला तर आपलंच नुकसान."

सुनावणी नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावर, खोली क्रमांक चारमध्ये, वहिवाट अधिकारी हिंगमिरे यांच्यासमोर झाली. पाणी आधीच आले होते. नगरपरिषदेच्या माणसांनी ते नदीवरून एका निळ्या बादलीत आणले होते आणि बादली खुर्चीवर ठेवली होती. पक्षकारांसाठी दुसरी खुर्ची नव्हती. आई आणि कस्तुरी उभ्या राहिल्या.

हिंगमिऱ्यांनी सात कागद पंख्यासारखे पसरले. ते सात वर्षांचे पंचनामे होते. पूर आला की तलाठी येतो, काय काय गेले ते घरच्यांनी लिहून द्यायचे, म्हणजे मदत मिळते, अशी पद्धत आहे.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझ्या मुलीचं. तिसरीत होती तेव्हापासून तीच लिहिते."

"सुंदर आहे." हिंगमिरे वाचू लागले. "'पाणी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मोरीच्या जाळीतून आत आले. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत गेले. पुढच्या दाराने बाहेर पडले.' सातही वर्षं हीच वाट. बाई, माणसांच्या रस्त्यांच्या प्रकरणांतही मला इतका स्वच्छ पुरावा मिळत नाही."

"अहो साहेब, ते आम्ही मदत मिळावी म्हणून लिहिलं होतं!"

"मदत मिळाली की."

"कोणाला?"

हिंगमिऱ्यांनी बादलीकडे बोट दाखवले. आईचा चेहरा लाल झाला.

"पाणी येत होतं तेव्हा तुम्ही हरकत घेतली होती का?"

"घेतली ना! झाडूनं हाकललं, बादल्या भरभरून बाहेर फेकलं, शिव्या घातल्या."

"लेखी घेतली का?"

आईने त्या सात कागदांकडे पाहिले.

"झाडूची नोंद नाही," हिंगमिरे म्हणाले. मग ते कस्तुरीकडे वळले. "बाळ, पंचनामे तू लिहिलेस. तुला काही सांगायचं आहे?"

कस्तुरीला पुष्कळ सांगायचे होते. ते सगळे एकदम घशाशी आले आणि तिथेच तुंबले. कान तापले. तिने नेहमीप्रमाणे मान खाली घातली. तिथे तिला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, निळ्या बादलीच्या बुडाला बारीक चीर होती आणि खुर्चीखालून पाण्याची एक रेघ दाराकडे चालली होती. दुसरी म्हणजे, साहेबांच्या टेबलाखाली, भिंतीच्या अगदी तळाशी, पेन्सिलीने काढलेला एक मासा होता. माशाखाली लिहिले होते : क. मो., तिसरी ब.

"लिहून घ्या," हिंगमिरे कारकुनाला म्हणाले. "दोन्ही पक्ष गप्प. पाण्याचं मौन संयमाचं समजण्यात येत आहे. मुलीचं संमतीचं."

गुरुवारी माणसे येऊन घरात फक्कीने दोन पांढऱ्या रेघा मारून गेली. मोरीपासून पुढच्या दारापर्यंत तीन फूट रुंदीची वाट पाण्याची. तिच्यात पाट, पिंप, चटई काही ठेवायचे नाही. विटा, पोती किंवा झडप लावून ती अडवणे हा गुन्हा. पाणी आले की दार घरच्यांनीच उघडायचे, आणि त्याला उद्देशून अपशब्द वापरायचे नाहीत. कस्तुरीच्या अभ्यासाच्या टेबलाचे दोन पाय पाण्याच्या हद्दीत आले होते. एका माणसाने ते टेबल उचलून भिंतीशी तिरके लावले आणि म्हणाला, "आता बरोबर."

आईने संध्याकाळची भाजी चिरायला घेतली, पण ती भाजी नव्हे, दुसरेच काहीतरी चिरत असल्यासारखी सुरी आपटत होती. बऱ्याच वेळाने ती पाठमोरीच म्हणाली, "एवढं नीट लिहायची काय गरज होती गं? वेळेसकट?"

कस्तुरी बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिला आईचा राग आला, मग स्वतःचा आला. नंतर तिला हिंगमिऱ्यांचा राग आला आणि तो मात्र गेला नाही. हिंगमिरे वाईट माणूस नव्हते. ते नियमाने वागत होते. तिला राग त्याचाच येत होता. ती तशीच उठली, आत आली आणि आईला म्हणाली, "पूरग्रस्तांचे पास कुठं आहेत?"

ते बिस्किटांच्या जुन्या डब्यात होते. पूर आला की नगरपरिषद खालच्या वस्तीला आपल्या इमारतीत हलवते. पहिल्या मजल्यावरचे सभागृह आधी आलेल्यांनी भरून जाते, म्हणून सगळ्यांत शेवटी पोहोचणाऱ्या मोकलांना दर वर्षी शेजारची खोली मिळे. तेव्हा तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. हिंगमिऱ्यांना ती खोली गेल्या दिवाळीनंतर मिळाली होती. डब्यात सात पास होते. सातही पासांवर नगरपरिषदेचा शिक्का होता आणि लिहिले होते : मोकल कुटुंब, खोली क्र. ४.

कस्तुरीने रेघांचा कागद घेतला. त्या दिवशी तिचे अक्षर आयुष्यातले सगळ्यात सुंदर आले. 'आम्ही सलग सात वर्षे, उघडपणे, जिन्याने वर येऊन खोली क्रमांक चारच्या दारातून खिडकीपर्यंत जात व राहत आलो आहोत,' तिने लिहिले. 'यास कार्यालयाने लेखी हरकत घेतलेली नाही. उलट दोन वेळा खिचडी दिली आहे. वापराची खूण म्हणून टेबलाखालील मासा पाहावा.'

हिंगमिऱ्यांनी गुडघ्यांवर बसून मासा पाहिला. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

"पण ही माझी खोली आहे," ते म्हणाले.

"आमचंही घरच होतं," आई म्हणाली.

हिंगमिऱ्यांनी नियमांचे पुस्तक दोनदा चाळले. मग त्यांनी स्वतःविरुद्ध निकाल दिला, त्याची एक प्रत मोकलांना आणि एक स्वतःला दिली आणि पोच म्हणून सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत फक्कीच्या दोन रेघा पडल्या. त्यांचे अर्धे टेबल आणि सगळी खुर्ची त्या वाटेत येत होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तांबडी फुगली. सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी मोरीच्या जाळीतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला. "पाय वर घे," आई दर वर्षीसारखी म्हणाली. कस्तुरीने खाटेवर पाय घेतले. पाणी आले, रेघांच्या मधून स्वयंपाकघरापर्यंत नीट गेले आणि मग सगळीकडे पसरले. फक्की विरघळली. आईने नियमाप्रमाणे दार उघडले. तोंडाने ती काही बोलली नाही, पण दार तिने असे उघडले की वरचे बिजागर निखळले.

दोघी निघाल्या. आईच्या डोक्यावर गाद्या होत्या. कस्तुरीच्या एका हातात स्टोव्ह होता, दुसऱ्या हातात दप्तर, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली झडप.

खोली चारला आतून कडी होती. आईने दार वाजवले.

"मी कामात आहे," आतून हिंगमिरे म्हणाले. "यंदा सभागृहात बसा."

आईने कस्तुरीकडे पाहिले. कस्तुरीने दप्तरातून निकालाची प्रत काढली. ती दाराच्या फटीतून आत सरकवता आली असती. तसे न करता तिने ती वाचली. आधी आवाज फाटला, दुसऱ्या वाक्याला सरळ झाला. "वाट अडवणे हा गुन्हा आहे. आल्याची चाहूल लागताच दार आतील व्यक्तीने स्वतः उघडावे. अपशब्द वापरू नयेत."

थोड्या वेळाने कडी निघाली. हिंगमिऱ्यांनी अपशब्द वापरले नाहीत.

दोघींनी तीन फुटांत बिछाना घातला. आईने स्टोव्ह पेटवून पिठले टाकले. ओल्या चादरी फाइलींच्या कपाटावर वाळत पडल्या. हिंगमिरे खुर्ची रेघेबाहेर काढून, मांडीवर फाइल ठेवून काम करत होते. पिठल्याची फोडणी बसली तेव्हा त्यांना सात वेळा शिंका आल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारले, "तुम्ही किती दिवस असता?"

"पाणी ओसरेपर्यंत," आई म्हणाली.

"आणि पुढच्या वर्षी?"

"येऊ की."

हिंगमिऱ्यांची नजर कोपऱ्यातल्या पुडक्यावर गेली. "त्यात काय आहे?"

"झडप."

"ती बसवली असती तर तुम्ही इथं आला असता?"

"घरात पाणी नसताना तुमच्याकडं कशाला येऊ? जेवायला?"

हिंगमिऱ्यांनी मांडीवरची फाइल मिटली. "पण पाणी हजर असताना त्याचा हक्क मला एकट्याला काढता येत नाही. फेरसुनावणी घ्यावी लागेल, आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागेल. सुनावणीपासून ते बादलीत, कार्यालयातच हजर आहे."

"नाहीये," कस्तुरी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिले. ती खुर्चीवरच्या निळ्या बादलीशी उभी होती. बादली कोरडी होती. बुडाशी थोडा गाळ होता आणि त्यात चिरेचा ठसा उमटला होता.

हिंगमिरे उठून दारात गेले आणि नियमाप्रमाणे तीन वेळा पुकारा केला. "तांबडी नदीचे पाणी हजर आहे का?" खाली पाणी इमारतीच्या दहाव्या पायरीला लागले होते. नगरपरिषदेची जीप त्यात टपापर्यंत बुडाली होती आणि आवाराची भिंत दिसत नव्हती. खोलीत मात्र ते नव्हते. हिंगमिऱ्यांनी तिसऱ्या पुकाऱ्यानंतर दोन मिनिटे वाट पाहिली, टेबलाशी खुर्ची ओढून 'गैरहजर' असे लिहिले आणि हक्क रद्द केला. झडपेच्या परवानगीचा अर्ज कस्तुरीने आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. त्यात काना-मात्रेची एकही चूक नव्हती. त्यांनी सही केली, शिक्का मारला.

"झालं तुमचं काम," ते म्हणाले. "आता निघा."

"पाणी ओसरलं की," कस्तुरी म्हणाली.

"अगं, पण आता तर..."

"रद्द त्याचा हक्क झाला. आमचा नाही."

हिंगमिऱ्यांनी पुस्तकाकडे हात नेला आणि मागे घेतला. आईने फडके पिळले आणि दाराकडून लादी पुसायला घेतली. तीन माणसांच्या पायांनी आलेला गाळ होता. ती जोर लावून, इंचाइंचाने पुढे सरकत होती. टेबलापाशी ती थांबली, कारण हिंगमिऱ्यांची खुर्ची बोलता बोलता पुन्हा रेघेच्या आत आली होती.

"साहेब, पाय वर घ्या," कस्तुरी म्हणाली.

ती हे इतक्या मोठ्याने म्हणाली, की शेजारच्या सभागृहातल्या लोकांनीही पाय वर घेतले.