तीस बाय बावीसचा हॉल

घर मोठं करायचं असेल तर त्यातल्या खोल्या कमी कराव्या लागतात. ही गोष्ट शाळेत शिकवत नाहीत, म्हणून पुष्कळ माणसं जन्मभर लहान घरात राहतात. कर्जत-खालापूरच्या आमच्या पट्ट्यात मात्र हे ज्ञान आता वाडीवस्तीपर्यंत पोचलं आहे. आमचे शेजारी भिवाजीशेठ यांनी ते एका हिवाळ्यात अमलात आणलं. (शेठ ही पदवी ओढ्याकाठचं शेत फार्महाऊसवाल्याला गेल्यापासूनची. त्याआधी ते नुसते भिवाजी होते आणि पावसाळ्यात चिखलात असायचे.)

त्यांचं घर साठ वर्षांचं. पुढे पडवी, मग माजघर, बाजूला भाताची खोली, मागे रांधणखोली आणि तिला चिकटून एक अंधारी खोली. इतक्या खोल्या असूनही घरात बसायला जागा नव्हती. म्हणजे माणसं बसायची सगळीकडेच, पण "या, इथं बसा" असं म्हणताना छाती फुगावी अशी एकही नव्हती.

मुलगा साईराज माथेरानच्या हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. त्यामुळे माणूस दारातून शिरल्यावर काय बघतो, यावर त्याचा शब्द घरात शेवटचा.

"बाबा, माणूस पयलं वर बघतो, मंग खाली बघतो. मधलं कोण बघत नाय."

या अभ्यासावरून वर पीओपी आणि खाली चकाकत्या लाद्या तत्काळ मंजूर झाल्या. मधलं, म्हणजे जिथे माणसं असतात ते, नंतर बघू असं ठरलं.

पाडकामाची पद्धत पूर्णपणे लोकशाहीची होती. ठेकेदार योगेंद्र यांनी प्रत्येक भिंतीवर खडूने फुली मारली आणि घरच्यांकडून हरकती मागवल्या. मुदत, चहा येईपर्यंत. चहा भिवाजीशेठच्या मंडळींना, जयवंताबाईंनाच करायचा असल्याने त्यांची हरकत मुदतीत आली नाही.

पडवी धड आत नाही, धड बाहेर नाही, म्हणून गेली. भाताची खोली भातच नसल्याने गेली. (बाधित: उंदीर, सुमारे सोळा. पुनर्वसन त्यांनी स्वखर्चाने केलं.) माजघराचा उपयोग काय, हे कुणालाच नेमकं सांगता येईना. सगळंच तिथे व्हायचं, त्यामुळे कुठल्याही एका कारणासाठी ते ठेवण्याचं कारण उरलं नाही. रांधणखोली ओपन किचन होऊन भिंतीला लागली.

राहिली अंधारी खोली. आता मात्र जयवंताबाई गॅस बंद करून बाहेर आल्या.

"चहा मंग मिळल. पयलं माझं ऐका. चैतात आपली विनी माहेरी येतेय. पयलटकरीण हाय. बाळंतीण ठेवायची कुठं?"

"एवढा हॉल हाय की गं," शेठ म्हणाले.

"हॉलात शेक घ्यायचा तिनं? दार तरी हाय का त्याला?"

"आई, हल्ली डिलिवरी हॉस्पिटलात व्हते," साईराज म्हणाला.

"डिलिवरी व्हते रं. बाळंतपण सव्वा महिन्याचं असतं. हॉस्पिटलवाले काय सव्वा महिना हंडा-हंडा पाणी तापवून घालनार हायत तिला? तू त्याच खोलीत झालास. तुझे बाबा बी."

योगेंद्र यांनी टेप उघडली. "काकी, खोली ठेवली तर हॉल अठरा फूट भरतो. पाडली तर बावीस."

चार फूट म्हणजे एक अख्खा सोफा. शेठनी निकाल दिला, "बाळंतपण सव्वा महिन्याचं, हॉल जन्माचा." निकालाविरुद्ध अपिलाची सोय नव्हती. सकाळी अकराला पहिला घण पडला. जयवंताबाई तुळशीपाशी उभ्या राहून पुटपुटत होत्या:

अंधारी खोली माझी, खिडकी तिला वीतभर,
तेवढ्यातून येतो बाई, चांद माझ्या बाळावर.

(खिडकीचं हे माप नकाशाशी पडताळून पाहिलं. नकाशात खिडकी नव्हती.)

काम चालू असेपर्यंत राहायला घरच्यांनी परसात पत्र्याची शेड घातली. काम संपलं. घर इतकं सुंदर झालं की त्यात राहायला कुणाचं मन होईना. सुक्या बोंबलाचा वास पडद्यांना लागतो, म्हणून चूल शेडमध्येच राहिली. लादीवर पावलं उमटतात, म्हणून पावलंही शेडमध्येच राहिली. नव्याने चढवलेल्या वरच्या मजल्यावर खोल्या होत्या, पण ओल्या बाळंतिणीने जिना चढायचा नसतो.

चैत्रात विनिता आली, हॉस्पिटलात बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी घरी आली. घरी म्हणजे शेडमध्ये. ओव्या-शोपेच्या धुरीने पीओपी काळं पडतं, तेलाने सोफा डागाळतो, हे साईराजने तिला प्रेमाने समजावलं. साडीचा आडोसा बांधून बाज टाकली. दुपारी पत्रा तापायचा. जयवंताबाई त्यावर ओली गोणपाटं टाकायच्या, ती वाळली की पुन्हा भिजवायच्या. सहाव्या दिवशी बाळाला पाठभर घामोळं आलं.

"आई, दुपारचं दोन तास तरी आत नेऊ बाळाला," विनिता म्हणाली. "एसी हाय ना."

"हाय गं. पन बाळ बघायला मानसं येत्यात."

खरंच, बारा दिवसांत त्रेचाळीस माणसं आली. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. एसी सोळावर होता. एकेचाळीस जणांनी लाद्या कुठल्या ते विचारलं. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी बाळाचं वजन विचारलं, कारण त्यांच्या वहीत तो रकाना आहे. उरलेले एक गृहस्थ सोफ्यावर झोपले.

त्या एकेचाळिसांत तुम्हीही होतात. झबल्या-टोपऱ्याची पिशवी टीपॉयवर ठेवलीत, सरबत घेतलंत, "घर असावं तर असं" म्हणालात, योगेंद्रचा नंबर मोबाइलमध्ये टाकून घेतलात आणि गाडी गाठायची म्हणून उठलात.

मुलगी झाली आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, म्हणून कळवतो.