आतली कडी

"अर्जुना, आतली कडी लाव रं. भायली चोरासाठी, आतली आपल्या झोपंसाठी." आईचा हा आवाज लहानपणी अंधारातून यायचा. आई गेली, ते दार गेलं, चऱ्होलीच्या वावरात बिल्डिंगी उगवल्या. पण अर्जुनरावांच्या हाताची कडी लावायची सवय काही गेली नाही.

म्हणून शेजारच्या उद्धवरावांचं ऑनलाइन खातं कुणीतरी पळवलं, तेव्हा त्यांना आपल्या खात्याची धास्ती बसली. त्यात एक व्हिडिओ होता. लेकीच्या हळदीला त्यांची बायको रंभा जात्यावर बसून ओवी गाते आहे, मध्येच हसते आहे. रंभाला जाऊन वर्ष झालं होतं. ओंजळीतल्या पाण्याएवढा तिचा आवाज उरला होता, तो तिथंच.

त्यांनी खात्याला दुसरी कडी लावली. आधी पासवर्ड, मग मोबाइलवर येणारा कोड. कोडासाठी नंबर दिला तो मुलाचा, रणजीतचा. किल्ली कुणी कुलपाशेजारी टांगून ठेवतं का?

रणजीत राहायचा पिंपळे सौदागरला, कामाला चाकणच्या कंपनीत. तिथं मोबाइल गेटवर जमा. त्यामुळं रोज शिफ्ट सुटल्यावर अर्जुनराव फोन करायचे, तो घाईघाईत कोड सांगायचा. व्हिडिओ पाहून झाला की ते खातं पुन्हा बंद करायचे. कडी उघडी टाकून झोप कशी यावी?

एका सकाळी जाग आली आणि रंभाचं हसणं काही केल्या आठवेना. संध्याकाळपर्यंत धीर निघेना. कांद्याच्या टेम्पोत बसून त्यांनी चाकण गाठलं.

त्या कंपनीत शिफ्टमध्ये गेटवरून बोलावणं यायचं, ते घरात कुणी गेलं तरच. वॉचमन भीमराजनं कांद्यानं लाल झालेले डोळे पाहून हलकेच विचारलं, काय झालं. "त्याच्या आईसाठी आलोय," एवढंच म्हणून अर्जुनरावांनी चष्मा काढून डोळे टिपले. भीमराजनं आत निरोप दिला, रणजीतची आई गेली.

आत मशीन थांबलं. पोरांनी टोप्या काढल्या. ऑफिसातल्या नेहा मॅडमनी मात्र कॉम्प्युटरवर त्याच्या जुन्या रजा तपासल्या.

"रणजीत, आई एकदाच जाते. तुझी मागच्या वर्षी गेली."

रणजीतला वाटलं, आई नाही, तर मग वडील, दादाच गेले. तो रडत गेटकडं धावला. दादा चष्मा पुसत उभे होते.

"कोड सांग," दादा म्हणाले.

शिव्या ओठांवर आलेल्या, डोळे वाहत असलेले. तशातच रणजीतनं गेटवर जमा केलेला आपला मोबाइल मागून घेतला आणि त्यावर आलेला कोड दादांच्या मोबाइलमध्ये टाकला. रंभा गाऊ लागली:

माझ्या गं दाराला न्हाई कुलूप न्हाई कडी
बाळाच्या वाटंवरी उभी माझी नजर येडी

मग ती हसली. भीमराज उगाच गेटची साखळी चाचपत राहिला.

"दादा, इथं टिक केली की या मोबाइलवर परत कोड मागणार न्हाई," रणजीत म्हणाला. "तुमाला तरास नको."

अर्जुनरावांनी त्याचं बोट धरलं, पूर्वी बाजारात धरायचे तसं.

"नगं," ते म्हणाले. एक ट्रक हॉर्न देत गेला, तो जाऊ दिला. "घरात करमत न्हाई रं. कोड मागायचा बंद झाला, तर तुला फोन तरी काय म्हणून करू?"