तेल्माची एन्सालादा आणि लंगडी टर्की

"यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही, तुझा तर नाहीच नाही," झाकलेल्या रिकाम्या पातेल्यापाशी उभा राहून रुतिलियो बायकोला म्हणाला, "पण देवाशपथ, असंच झालं!"

तेल्मा गिरणीवरून मक्याचं पीठ दळून आली होती. डोक्यावरची परात तिनं खाली ठेवली नाही. रुतिलियोला हे लक्षण बरं वाटेना.

जाताना तिनं बजावलं होतं, "एन्सालादा तयार आहे. चिमूटभर मीठ टाक नि लांब हो." लेकीला, इदालियाला, मागणी घालायला बेर्ताबाई येणार होत्या. त्यांचा पोरगा कधीच पाघळला होता, अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. तिनं निरोपच धाडला होता, की तेल्माच्या हातची एन्सालादा, फळांचं ते सरबत, आधी पिऊ, मग पुढचं बोलू. म्हणून तेल्मानं अननस, सफरचंद, मामे, काजूची बोंडं, सगळं तांदळाएवढं बारीक चिरून संत्र्याच्या रसात सोडलं होतं. पातेलं काठोकाठ.

काठोकाठ, तिथंच घात झाला. रुतिलियोची चिमूट निघाली मुठीएवढी. चाखतो तर समुद्र! पाणी घालावं, तर जागा कुठाय? त्यानं एक पेला काढला. टाकून देणं पाप, म्हणून प्याला. पाणी घातलं, तर सगळं मिळमिळीत. साखरेला जागा हवी, आणखी एक पेला. मग झालं गोडमिट्ट. आता लिंबाला जागा हवी. जागा करता करता शेवटी तळाशी नुसती फळं राहिली. पाहुण्यांपुढे रसाविना फळं ठेवायची? त्याला घराण्याची लाज वाटली. त्यानं चमचा घेतला.

"कोण प्यायलं?" तेल्मानं विचारलं.

"शेजारच्या कांदिदाची टर्की."

"ती लंगडी?"

"तीच. एकच तर आहे तिच्याकडे. भिंतीवरून अशी उडी मारली..."

"लंगडीनं?"

"म्हणून तर म्हटलं, विश्वास बसणार नाही! मान घातली नि गटागटा! मी हाकलायला गेलो, तर पंख उगारून मला कोपऱ्यात कोंडलं."

"आणि झाकण?"

"चोचीनं उघडलं."

"परत लावलंही तिनंच?"

"शिस्तीची आहे गं!"

"म्हाताऱ्या, तुझ्या मिशीला अननस लागलाय."

"झटापटीत उडाला."

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. बेर्ताबाई! काखेत झाकलेली टोपली. रुतिलियोला नवा श्रोता मिळाला. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला टर्की वासराएवढी होती आणि पिऊन झाल्यावर अंगणात नाचलीही.

आता लेकीच्या होणाऱ्या सासूसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं तरी कसं? तेल्मानं परात खाली ठेवली आणि म्हणाली, "हो ना बाई! आगाऊ आहे मेली. मागच्या आठवड्यात माझी चप्पल पळवली."

रुतिलियोनं बायकोकडे कौतुकानं पाहिलं. एवढं त्यालाही सुचलं नसतं.

बेर्ताबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. रश्शात भिजलेले, मांसानं टच्च भरलेले पाव होते आत.

"कांदिदाबाईंची लंगडी काल सकाळीच मी विकत नेली आणि शिजवली," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, खोटं बोलायला निदान जिवंत टर्की तरी निवडायची!"