सहावी पाकळी

सिंदेवाहीच्या शफीभाईंनी अठ्ठ्याण्णव साली आपलं लहानपणीचं पाप धुवायचं ठरवलं. अब्बांनी सागवानात कोरलेला, कागदावर फूल छापायचा ठसा आठ वर्षांच्या शफीच्या हातून पडला होता. अब्बांनी तो उचलून दाखवला, तर सहापैकी पाचच पाकळ्या! अख्खं दुकान झाडलं, तुकडा काही सापडला नाही. कानशिलात मात्र अशी बसली की अजून आठवली तरी गाल तापायचा. अब्बा गेले, तरी कागद छापताना त्या रिकाम्या जागेकडे शफीभाईंना बघवत नसे.

म्हणून गावातल्या भैयाजींच्या मुलीचं, दिव्यानीचं, लग्न निघालं, तेव्हा त्यांनी सुताराकडून सहावी पाकळी बसवून घेतली. भैयाजींच्या घरी नवरीच्या पेटीला आतून याच ठशाचा कागद लावायची रीत होती. शफीभाईंनी गुलाबी रंगात कागद छापले, तांदळाच्या खळीनं पेटीत चिकटवले आणि मोठ्या तोऱ्यात पेटी पोचवली.

भैयाजींच्या आई, रुखमाबाई, पेटीत डोकावल्या आणि मागे सरल्या.

"हे आमचं फूल नाई, भाऊ."

"काऊन बाई? आता तं पूरं झालं!"

"पाच पाकळ्याचं पाह्यजे. माह्या पेटीत तसंच हाये."

"अहो, ते मोडकं होतं! लहानपणी म्याच मोडलं!"

"काहीही काय सांगून राह्यला? इकडं ये."

बाईंनी कोपऱ्यातली आपली लग्नातली पेटी उघडली. कापराचा वास आला. झाकणाच्या आत फिकट गुलाबी फुलं होती, आणि प्रत्येकाला पाचच पाकळ्या.

"तुह्या बापानंच लावून देल्ता हा कागद. तू तं जन्मलाही नवता तवा."

शफीभाई पेटीजवळ बसले. कागदावरून हळूच हात फिरवला. कडेला अब्बांच्या रंगीत अंगठ्याचा ठसाही होता. त्यांना एकदम हसू आलं, आणि डोळेही भरून आले. "वा रे अब्बा!" एवढंच ते म्हणाले.

"परवा वरात हाये, शफीभाऊ," भैयाजी काकुळतीला आले. "कसं करायचं?"

"उद्या आणून देतो. पाच पाकळ्याचंच."

घरी येताच त्यांनी छिन्नी काढली, ठसा पाटावर ठेवला आणि नेम धरला. बायको खुर्शीदा धावत आली.

"अजी, काय करून राह्यले? एवढ्या हौसेनं बसवली ना ती पाकळी!"

"मोडून राह्यलो," शफीभाई म्हणाले. "थप्पड तं तवाच खाऊन झाली. काम तेवढं राह्यलं होतं."