उष्टी कांडी

'जलदेवी' या मासेमारी बोटीच्या जनरेटरमध्ये गेलेलं समुद्राचं पाणी मंगळवारी सकाळी सव्वानऊला रुसलं आणि बाहेर पडणार नाही म्हणून इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरमध्येच बसून राहिलं.

बोट नुकतीच बंदराला लागली होती. पोटात सहा दिवसांची सुरमई होती आणि लिलाव दुपारी चारला. जनरेटर बंद पडला की मासळीच्या खणातली थंडी जाणार, मासळी नासणार आणि तिच्याबरोबर जनरेटर सांभाळणाऱ्या विठू पावसेची सतरा वर्षांची नोकरीही जाणार, हे उघड होतं. विठूने गाळणी साफ केली, पंप तपासला. सगळं ठीक होतं. तापमान मात्र नव्वदवर गेलं होतं. अठ्ठ्याण्णवला जनरेटर आपणहून बंद होतो.

त्याने मालकीणबाईंना, जानकीआक्का चोगलेंना, बोलावलं. आक्कांनी तीन मुलींची लग्नं लावली होती, त्यामुळे रुसलेल्या वरपक्षाशी कसं बोलायचं हे त्यांना पाठ होतं. त्या इंजिनखोलीत उतरल्या आणि पदर सावरून कूलरसमोर डब्यावर बसल्या.

"आमच्याकडून काही कमी पडलं का?"

"आम्ही तक्रार करणाऱ्यातले नाही," पाणी म्हणालं. "पण विचारलंत म्हणून सांगतो. तुमच्या इंजिनाचा ताप आम्ही अंगावर घेतो आणि निमूट जातो. पलीकडच्या नळीत तुमचं गोडं पाणी दिवसभर त्याच त्या फेऱ्या मारतं, त्याला कूलंटचं हिरवं सरबत. असू दे, ते घरचं आहे. पण आमच्या पानात काल जस्ताची उष्टी कांडी वाढली."

समुद्राच्या पाण्याला खायला कूलरमध्ये जस्ताची कांडी ठेवतात, नाहीतर ते कूलरच खातं. हे बंदरावर कोणालाही विचारा.

आक्कांनी विठूकडे पाहिलं.

"अर्धी शिल्लक होती, आक्का. टाकवेना. घासूनपुसून परत लावली."

"घासलं म्हणून उष्टं ताजं होतं काय रे? तुझ्या लग्नात तुला कुणी अर्धी खाल्लेली जिलबी घासून वाढली होती?"

विठूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सतरा वर्षांत त्याने पाण्याला कधी उपाशी पाठवलं नव्हतं. चुकला तो नेमका काटकसरीत, आणि काटकसर करणाऱ्याची कीव कुणी करत नाही.

काटा पंचाण्णववर आला. विठूने धावत कोरी कांडी आणली. आक्कांनी तिला हळदकुंकू लावलं. बूच उघडताना पाण्याने तेवढ्यापुरतं अंग आखडून घेतलं.

"आता नको," ते म्हणालं. "भूक मेली."

"असं कसं? एक घास तरी. माझ्यासाठी."

"खरंच नको."

"विठू, हात जोड."

विठूने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यात नाटक अजिबात नव्हतं. सत्त्याण्णववर पाण्याने कांडी घेतली, "चव बरी आहे" म्हणालं आणि वाफाळत बाहेर पडलं. काटा बहात्तरवर आला. विठू तिथेच हमसून हमसून रडला. चारला सुरमई ताजी लिलावात गेली.

संध्याकाळची भरती दीड तास आधी आली. धक्क्याच्या चौथ्या पायरीपाशी येऊन पाणी ओळीने, शिस्तीत थांबलं. सकाळचं पाणी तिकडे जाऊन बोललं असणार.

आक्कांनी दूरवर नजर टाकली. "किती आहेत रे?"

"सगळेच दिसतायत, आक्का."

आक्कांनी पदर खोचला. "मग उभा काय राहिलास? पहिली पंगत बसव."