खरात मामांची पुणे गाडी

खरात मामा सायकलवर बसलेले असतात. डोक्यावर हेल्मेट असतं, हँडलवरच्या डिस्प्लेवर आकडे लुकलुकत असतात, मोटार तयार असते, समोर गल्ली मोकळी असते. तरी मामा हलत नाहीत. मागून कुणीतरी 'टण टण' म्हटल्याशिवाय ते हलतच नाहीत.

मामांची सगळी नोकरी लाल गाडीवर ड्रायव्हर म्हणून झाली. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी काढायची नाही, हे त्यांच्या पायांत इतकं भिनलंय की रिटायर झाले तरी पाय ऐकत नाहीत. पूर्वी ड्युटीला निघताना मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटलीवर उलथनं दोनदा हाणायच्या. आता मामी पुण्याला असतात, आणि पुंडलिकनगरात मामांच्या बरोब्बर समोर मी राहतो. नशीब माझं.

"मास्तर! डबल मारा!"

सकाळी उजाडता उजाडता ही हाक येते. तोंडात ब्रश, खांद्यावर पंचा अशा अवस्थेत मी गॅलरीत येतो आणि फेसाळत्या तोंडानं 'थण थण' म्हणतो. मामा हात दाखवून निघून जातात. मी परत झोपायचा प्रयत्न करतो. झोप गेलेली असते.

लाल गाडीवाले कंडक्टरला मास्तर म्हणतात. हे गल्लीला ठाऊक नव्हतं. त्यामुळं सगळ्यांचा असा समज झाला की मी शिक्षक आहे. एक बाई आपल्या पोराला गणितासाठी घेऊन आल्या. मला नाही म्हणायला जमत नाही, हा माझा जुना आजार. पोरगं सहामाहीत नापास झालं, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली की मी विमा कचेरीत कारकून आहे.

तर ही सायकल. रिटायर झाल्यावर मामांच्या डाव्या डोळ्यानं दगा दिला आणि लायसन काही वाढवून मिळालं नाही. पुण्याहून मुलानं फोन केला, "बाबा, आता गाडी बंद. व्यायामाला एखादी सायकल घ्या." मामा औरंगपुऱ्यातल्या दुकानात गेले आणि म्हणाले, "घाट चढणारी दाखव." दुकानदारानं डोंगरात चालवायची इलेक्ट्रिक सायकल दाखवली. हाताच्या मनगटाएवढे टायर, पुढं जाडजूड शॉकअप, आणि मोटार अशी की मामांनी दुकानासमोर अंगठा दाबला आणि थेट समोरच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरले. तिथंच पसंत पडली.

सायकलीची भाषाही त्यांनी बदलून टाकली. बॅटरी म्हणजे डिझेल. मोटारीच्या ताकदीच्या पाच पायऱ्या असतात. त्यातली पहिली 'मैदान' आणि पाचवी 'घाट'. मधल्या तीन त्यांनी कधी वापरल्याच नाहीत. मी एकदा कारण विचारलं.

"माणूस येक तर सपाटीला असतो, न्हायतर चढाला," मामा म्हणाले. "मधी काय असतं, मास्तर?"

मला वाटलं, फार खोल बोलले. नंतर कळलं, मधलं बटण बिघडलेलं होतं.

रविवारी ते मला देवळाईच्या डोंगरात न्यायचे. ते सायकलवर, मी स्कूटरवर. आणि जिथं स्कूटर हात टेकते तिथून पुढं मी पायी. मुरमाची पायवाट, दोन्ही बाजूंनी बाभळी, पायाखाली सुटे दगड. मामा त्या वाटेवर बस चालवायचे. वळण आलं की आधी हॉर्न. पलीकडे एखादी शेळी असेल तर तिला साइड. उतारावर ब्रेक दाबताना चेहरा असा, की मागं गाडीभर माणसं झोपलेली आहेत आणि एकालाही जाग येता कामा नये. वर पोचलं की उतरून सायकलीला एक फेरी मारायची, दोन्ही टायरला लाथ घालायची आणि म्हणायचं, "धा मिनिट थांबंल. चहापानी उरका."

चहापाणी कुठलं! मी एका दगडावर बसून धाप टाकत असायचो.

एकदा त्यांनी आग्रह केला, "मास्तर, तुमी बी चालवून बघा." मी सायकल धरून बाजूला उभा होतो, अजून टांग टाकलेली नव्हती, आणि हँडल नीट पकडावं म्हणून अंगठा जरा दाबला. सायकल निघाली. मीही निघालो, पण तिच्या बाजूनं, वासराच्या दाव्याला लटकल्यासारखा. सोडून द्यावं हे सुचलं तेव्हा मी बाभळीत होतो. मामांनी आधी सायकल उचलली, तिला इकडून तिकडून पाहिलं, आणि मग माझे काटे काढत म्हणाले, "डबल दिली नव्हती ना तुमाला. मग काढली कशाला?"

पोलिसानंही अडवलं एकदा.

"काका, ही गाडी का सायकल?"

"पायडल हायेत ना साहेब? मग सायकल."

"मग पाय का हालंनात?"

"वय झालं."

पोलिसानं मोटारीकडं वाकून पाहिलं. "एवढ्या ताकदीला पासिंग लागतं, काका."

"साहेब, ताकद तिची हाय. माझं काय ऱ्हायलंय?"

दिवसभर उन्हात उभा राहून तोही दमलेला होता. त्यानं हात जोडले आणि आम्हाला जाऊ दिलं.

एवढ्या ताकदीची सायकल या माणसाला हवी कशाला होती? तर पुण्याला जायला.

हातात स्टेअरिंग नसेल तर मामांना गाडी लागते. हसू नका. ज्यानं घाटाघाटांतून माणसांना सुखरूप नेलं, तो माणूस मागच्या सीटवर बसला की वाळूज यायच्या आत पिशवी शोधतो. नातू झाला तेव्हा मुलगा कार घेऊन न्यायला आला होता. मामा मागं बसून पायानं हवेतला ब्रेक दाबत गेले, आणि पुण्यात नातवाचं तोंड बघण्याआधी दवाखान्यात सलाईनवर झोपले. कसेबसे परत आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. मामी मात्र नातवाला सांभाळायला 'दोन महिन्यांसाठी' म्हणून राहिल्या. नातू आता पळतो, बोलतो, आणि मामी अजून तिथंच आहेत. सूनबाईंची नोकरी, मुलाची नोकरी. कुणाला दोष द्यावा तर तसा कुणाचाच नाही. दिवाळीला येतात, फराळाचे डबे भरतात आणि जातात.

"फोनवर इचारलं की म्हणती, बघू," मामा एकदा डोंगरावर म्हणाले. "समोर जाऊन इचारायचंय मला, घरी येती का म्हणून. समोर आसलं की तिला बघू म्हणता येत न्हाय."

म्हणून बिडकीनच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर डिझेल किती पुरतं याची तालीम झाली. जुन्या ओळखीचे ढाबे ठरले, जिथं बॅटरी लावता येईल. नगरला एका जुन्या सोबत्याकडं मुक्काम ठरला. एक जादाची बॅटरी पैदा केली, आणि ती चार्ज करून स्कूटरवरून मागं मागं आणायचं काम मास्तरांवर, म्हणजे माझ्यावर, आलं. मामींना काही सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

एका रविवारी पहाटे मी 'टण टण' म्हटलं आणि आमची पुणे गाडी सुटली.

काय चालवली मामांनी! वाळूजपर्यंत 'मैदान'. पुढं रस्ता मोकळा झाला तसा मामांमधला ड्रायव्हर जागा झाला आणि त्यांनी सपाटीलाच 'घाट' लावला. ट्रकवाले खिडकीतून वाकून बघत होते. मामा त्यांना हातानं पुढं जा म्हणून खुणा करत होते, जणू यांनीच रस्ता दिला म्हणून ते चाललेत. नदीवरचा टोक्याचा पूल ओलांडला आणि पलीकडच्या चढावर सायकल दमली. डिझेल संपलं.

"मास्तर, दुसरी काढा."

मी ऐटीत दुसरी काढली. मामांनी लावली. डिस्प्ले काळाच. पुन्हा लावली. काळाच. मामा माझ्याकडं बघू लागले आणि मी नदीकडं.

आमच्या घरात झोपण्यापूर्वी सगळी बटणं बंद करायचं खातं माझ्याकडं आहे. बॅटरी मी संध्याकाळी मोठ्या निष्ठेनं लावली होती, आणि तेवढ्याच निष्ठेनं झोपताना बंद केली होती.

मोटारीशिवाय ती सायकल म्हणजे लोखंडाचा रेडा. आम्ही दोघांनी ती ढकलत एका ढाब्यापर्यंत नेली. ढाबेवाले चाचा म्हणाले, "लगा दो बैटरी, मगर शाम कर देगी ये. लाइट इधर आती कम, जाती जादा." मामा बाजेवर बसले. हेल्मेट काढलं तर केस घामानं चिकटलेले. तेव्हा मला दिसलं की हा माणूस म्हातारा आहे. एरवी तो इतका पुढं असायचा की पाठच दिसायची.

मी ढाब्यामागं गेलो आणि ताकीद मोडून मामींना फोन लावला.

"सायकलवर? पुण्याला?" मामी एवढ्या जोरात ओरडल्या की चाचांनी मान वळवली. मग हळू आवाजात, "काय खाल्लं का त्यांनी?"

"अजून नाही."

"पिठलं सांगा. आन् तिथंच बसवा. हलू देऊ नका. आज पोरगा घरी हाय, मी निघतेच."

मी मामांना सांगितलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते उठले, हौदावर तोंड धुतलं, माझ्याकडं कंगवा मागितला. मग फडकं घेऊन सायकल पुसायला बसले.

"आज इचारणार," ते चाकाच्या तारा पुसत म्हणाले. "सरळ इचारणार. चल घरी."

दुपार सरता सरेना. पुण्याकडून लाल गाडी दिसली की मामा उभे राहायचे आणि लांबूनच म्हणायचे, "ही न्हाय. ही थांबत न्हाय हितं." एक मात्र थांबली. दारातून आधी पिशवी उतरली, मग मामी.

मामांच्या आधी त्यांनी सायकलीकडं बघितलं. वरून खाली, खालून वर.

"हीच का ती?"

"व्हय."

"माझ्यापरीस बरी ठेवलीय."

मामा हसले. नुसतेच. मामींनी त्यांचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत त्यांच्या नाकावर बसवला. मी चहा सांगायच्या निमित्तानं लांब जाऊन बसलो, पण फार लांब नाही. आम्ही पाव रस्ता आलो होतो, मामी पाऊण. बसच्या प्रवासानं त्यांचे पाय सुजले होते. बाजेवर बसून त्या ते एकमेकांवर चोळत होत्या.

मामांनी घसा खाकरला. "सुमन, मी काय म्हणतो..."

आणि मामींचा फोन वाजला. नातू होता. स्पीकर लागलेला होता की काय कोण जाणे, रडणं माझ्यापर्यंत आलं. "आजी कुठंय, आजी पाहिजे," एवढंच पुन्हा पुन्हा. मामी त्याला समजावायला लागल्या आणि समजावता समजावता त्यांचाच आवाज फुटला. मामा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं करून फोन घेतला.

"कोन रडतंय रं? मी आजोबा. आरं येती ना आजी. आत्ता संध्याकाळच्या गाडीनं येती. मी सोता बसवून देतो तिला, चांगल्या शिटावर. ड्रायव्हर वळकीचा हाय माझ्या. रडायचं न्हाय."

फोन परत देऊन ते म्हणाले, "मागं नको बसू. म्होरं बस, धक्के कमी लागतात."

"तुमी काय म्हणत होता?"

"काय न्हाय. पिठलं बरं होतं."

मामींनी पिशवीतून दोन डबे काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळची गाडी आली. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, मामांना त्यानं जन्मात पाहिलेलं नसणार. मामांनी तरी त्याला सलाम केला आणि मामींना पुढच्या सीटवर बसवून, खिडकी नीट सरकवून, खाली उतरले. गाडी हायवेवर घ्यायची होती. मागून ट्रकांची रांग येत होती. मामा सरळ रस्त्यात जाऊन उभे राहिले, एक हात ट्रकांपुढं आडवा धरून दुसऱ्यानं बसला बोलवू लागले, "येऊ द्या... येऊ द्या... बिनधास येऊ द्या."

बस रस्त्याला लागली, वेग घेतला, लांबच्या वळणावर दिसेनाशी झाली. अडवलेल्या ट्रकवाल्यांनी हॉर्नचा गोंधळ चालवला होता. मी जाऊन मामांचा आडवा हात धरला आणि हळूच खाली घेतला.